वळणाची खूण

गाडी दुसऱ्यांदा आली तेव्हा तो आवाज तिनं ओळखला. पहिल्या खेपेला अपघात-तपासाचा वर्ग घेणाऱ्या मास्तरांनी सरळ वेगात येऊन ब्रेकवर पाय रोवला होता, टायर एका सुरात किंचाळले होते, जळक्या रबराचा वास सुटला होता आणि वर्गातले सगळे मोजायच्या फिती घेऊन डांबरावरच्या काळ्या पट्ट्यांकडे धावले होते. तीही धावली होती. असले आवाज कामावर असताना रोजच कानावर पडत. दुसऱ्या खेपेला मास्तरांनी ब्रेकला पायच लावला नाही. त्याच वेगात येऊन त्यांनी स्टिअरिंग एकदम फिरवलं, गाडी एका कुशीवर कलल्यासारखी झाली, आणि टायरमधून निघालेला आवाज खालून वर चढत गेला, ओल्या काचेवरून कुणी बोट ओढत न्यावं तसा, शेवटी पार बारीक झाला आणि तुटला. तिच्या हातातली फीत सुटली आणि सर्रकन आपल्या डबीत जाऊन बसली. शेजारी विमा कंपनीचा सर्व्हेअर उभा होता, वर्गात सगळे त्याला विमेकरी म्हणत. तो हसत म्हणाला, "मॅडम, अजून कुणी मेलेलं नाही, इतक्यात हातपाय कशाला गाळताय?" तीही हसली. मैदानावर स्वच्छ ऊन होतं, कुंपणापाशी कुणाची तरी सायकल टेकवून ठेवलेली होती, मास्तर गाडीतून उतरून रुमालानं मान पुसत होते. आणि ती नऊ वर्षांची होती, बाबांच्या गाडीत मागच्या बाजूला होती, आणि दादाचं आयुष्य अजून थोडंसं शिल्लक होतं.

हा आवाज तिच्याजवळ इतकी वर्षं होता. त्याचं नाव तेवढं चुकलं होतं. घरात त्या अपघाताबद्दल एकच वाक्य बोललं जायचं, ट्रक आडवा आला, यांनी ब्रेक मारला पण गाडी थांबली नाही. आई ते भेटायला येणाऱ्यांना सांगायची, मावशीला सांगायची, शाळेतल्या बाईंना सांगायची, आणि इतक्या वेळा सांगून सांगून ते वाक्य घासून गुळगुळीत झालं होतं, कुठं बोट ठेवावं तर अडकतच नव्हतं. ते वाक्य ऐकत ती मोठी झाली, आणि कानात राहिलेला आवाज तिनं ब्रेकचाच समजून त्या वाक्याखाली ठेवून दिला. आता उन्हात उभं राहून तिच्या ध्यानात आलं की बाबांनी स्वतः ते वाक्य कधी म्हटलेलं नाही. आई सांगायला लागली की ते उठायचे, खिडकी लावायचे किंवा उघडायचे, आणि मग चष्मा पुसत आतल्या खोलीत जायचे. दुःखामुळे उठतात, असं सगळ्यांना वाटायचं. तिलाही तसंच वाटायचं.

मास्तरांनी सगळ्यांना खुणेपाशी उकिडवं बसायला लावलं. ब्रेकच्या खुणेत बारीक रेषा खुणेच्याच दिशेनं धावतात, ते सांगत होते, कारण चाक बंद पडून फरफटलेलं असतं. इथं बघा. वळणाच्या खुणेत चाक फिरतही असतं आणि बाजूला घसरतही असतं, म्हणून रेषा तिरक्या पडतात, कुणी ब्रशानं आडवं झाडल्यासारख्या. चालक कोर्टात काहीही सांगो, मी ब्रेक मारला, मी वळवलं, मला दिसलंच नाही. रेषा कुणाच्या भिडेला पडत नाहीत. तिनं बोटानं त्या रेषा चाचपून पाहिल्या. डांबर अजून गरम होतं. वाहतूक खात्याच्या अपघात पथकात ती बरीच वर्षं मापं घेत आली होती. रस्त्यावर पांढऱ्या खडूनं खुणा करायच्या, फुटक्या काचा कुठवर उडाल्या ते मोजायचं, आडव्या पडलेल्या चपलेचं दुभाजकापासूनचं अंतर टिपायचं, आणि ही सगळी मापं वरच्या साहेबांच्या हवाली करून हात धुवायचे. काय घडलं असेल, हे म्हणायचा अधिकार तिला नव्हता. तो या परीक्षेनंतर मिळणार होता. पास झालं की अहवालाखाली तिची सही चालणार होती, कोर्टात उभं राहून ती सांगू शकणार होती की असं झालं, आणि ते साक्षीदाराच्या शब्दापेक्षा जड धरलं जाणार होतं. तिनं अर्ज केला तेव्हा साहेब म्हणाले होते, "या वयात अभ्यास जमेल का बघा." ती म्हणाली होती, "बघते." परीक्षेला बसण्यामागं आणखी काही कारण आहे असं तेव्हा तिच्या मनातही नव्हतं.

त्या दिवसानंतर अभ्यास वेगळाच होऊन बसला. सकाळी कामावर जाण्यापूर्वी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तक उघडायची, आणि सरावाच्या प्रत्येक गणितात चालकाशेजारच्या सीटवर दादा बसलेला असायचा. गणित सामानाच्या टेम्पोचं असो, दोन मोटारींच्या समोरासमोरच्या धडकेचं असो, उतारावर कलंडलेल्या टँकरचं असो, सहप्रवासी म्हणून तोच. तेरा वर्षांचा, केस कपाळावर आलेले, शर्टाची कॉलर एका बाजूला आत गेलेली. तो दुकानांच्या पाट्या उलट्या वाचून दाखवायचा. ते त्याचं वेड होतं. 'सलून'चं 'नलूस' आणि 'वाचनालय'चं 'यलनाचवा', आणि हे सगळं अगदी गंभीर चेहऱ्यानं, मागे तोंड करून, तिला हसू फुटेपर्यंत. ती वस्तुमान मांडायची, वेग मांडायची, रस्त्याची पकड मांडायची, आणि आकड्यांच्या पलीकडून तिला त्याचा गंभीर आवाज ऐकू यायचा. भीती वाटायची असं नाही. पण उत्तर काढायला हात पुढं जायचा नाही, कारण गणित सुटलं की गाडी थांबणार होती, आणि गाडी कशी थांबते ते तिला माहीत होतं. रस्त्यानं चालतानाही तिची नजर खाली असायची. एरवी लोकांना डांबर म्हणजे डांबर. तिला जागोजागी काळे ओरखडे दिसायचे, काहींत कुणी वाचलेलं, काहींत कुणी न वाचलेलं, पावसानं फिकट झालेले, एकावर एक चढलेले. शहर किती वेळा थोडक्यात वाचलं होतं ते सगळं पायाखाली उमटलेलं होतं आणि त्यावरून माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन चालली होती. एकदा चौकात सिग्नल हिरवा झाला तरी ती उभीच राहिली. मागच्या बाईंनी विचारलं, "बरं वाटत नाही का?" तिनं मान हलवली आणि रस्ता ओलांडला. मधोमध आल्यावर आपल्या तळव्यांना काहीतरी गरम लागतंय असं तिला वाटलं. बूट होते, मोजे होते, वारा थंड होता. तरी तळवे गरम.

त्याचा उलगडा वर्गात झाला. मास्तर गाडीतल्या माणसांबद्दल शिकवत होते. गाडी थांबते, ते म्हणाले, आतला माणूस थांबत नाही. त्याला काहीतरी थांबवावं लागतं. पट्टा, नाहीतर समोरची काच. लहान मूल मागे उभं असेल तर कडक ब्रेकमध्ये ते गाडीच्याच वेगानं पुढं जातं. आईबापाच्या हातात ते राहत नाही, मग हात कितीही घट्ट असोत. म्हणून पहिला प्रश्न कायम हा विचारायचा, कोण कुठं होतं. ती लिहून घेत होती. लिहिता लिहिता तिच्या तळव्यांना पुन्हा ते ऊबदार लागलं, आणि या वेळी त्याला आकारही होता. जुन्या गाड्यांमध्ये मागच्या बाजूला, पायांपाशी, मधोमध एक उंचवटा असायचा. खालून यंत्राचा दांडा जायचा, लांबच्या प्रवासात तो उंचवटा तापायचा. बाबांच्या गाडीतही होता. चपला काढून त्यावर उभं राहिलं की दोन्ही सीटांच्या मधून समोरचा रस्ता दिसायचा, आणि हनुवटी दादाच्या सीटवर टेकता यायची. ती त्याच्यावर उभी होती. दादा मागे तोंड करून पाटी वाचत होता, ती हसत होती, आणि तळव्यांखाली ऊब होती. मग तो चढत जाणारा आवाज. विमेकऱ्यानं तिची वही आपल्याकडे ओढून मास्तरांचं पुढचं बोलणं तिच्यासाठी त्यात उतरवलं आणि वही परत सरकवली. तिनं मान हलवून आभार मानले. तो गमत्या माणूस होता, पण त्या दिवशी त्यानं गंमत केली नाही.

आई गेल्यापासून घरात ती आणि बाबा दोघंच होते. बाबांची सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. अपघातानंतर त्यांनी गाडी विकली आणि पुन्हा कधी चालवली नाही. कुठंही जायचं तर पायी नाहीतर बसनं. परीक्षेचं पुस्तक घरात आलं त्याच आठवड्यात त्यांनी ते आपणहून हातात घेतलं होतं. भाषांतर भिकार आहे, म्हणाले, आणि पेन्सिलीनं चुका दुरुस्त करू लागले. मग रोज संध्याकाळी, दिवे लावण्याच्या आधी, ते तिला प्रश्न विचारू लागले. मोठ्यानं वाचताना त्यांची जुनी सवय परत यायची. छापखान्यात एकानं मूळ प्रत वाचायची आणि दुसऱ्यानं मुद्रित बघायचं, तेव्हा विरामचिन्हंही उच्चारायची असत. वाहन क्रमांक एक, स्वल्पविराम, ओल्या रस्त्यावरून जात असता, असं ते वाचायचे. पहिल्या दिवशी तिला हसू आवरलं नव्हतं. पुढं तिलाच त्याची गोडी लागली, आणि स्वल्पविरामाशिवाय प्रश्न नीट कळेनासा झाला. हे धडे कसले आहेत ते बाबांना कळत नसेल असं नव्हतं. पण दोघंही पुस्तकातल्या गाड्यांबद्दल अशा गंभीरपणे बोलायचे, जणू या घरात कधी गाडी नव्हतीच.

चालकाच्या प्रतिसादावरचं प्रकरण एका रविवारी दुपारी निघालं. बाबा खिडकीशी बसले होते, ती जमिनीवर, भिंतीला पाठ लावून. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंतचा काळ, स्वल्पविराम, साधारण किती धरावा? दीड सेकंद, ती म्हणाली. त्या काळात चालक काय करतो? काहीच नाही, त्याला अजून कळायचं असतं. बाजूनं वाहन आडवं आल्यास, स्वल्पविराम, बहुसंख्य चालकांची पहिली कृती कोणती? उत्तर तिला तोंडपाठ होतं. तिनं पुस्तकाच्याच शब्दांत सांगितलं की चालक धोक्याच्या विरुद्ध दिशेला वळवतो, ही कृती विचारपूर्वक नसते, हात आपसूक जातात. बाबांनी मान हलवली. पान उलटलं नाही. समोरच्या फुटपाथवर औषधाच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं, बाबा तिकडं बघत होते, आणि पुढचा प्रश्न त्यांनी तिकडंच बघत विचारला. त्यात एकही स्वल्पविराम नव्हता.

एक गाडी आहे, ते म्हणाले. रस्ता कोरडा. वेग बेताचा. बाजूच्या रस्त्यानं ट्रक बाहेर आला तेव्हा इथून त्या दुकानाएवढं अंतर होतं. चालकानं वळवलं, आणि शेजारच्या सीटची बाजू ट्रकवर गेली. न वळवता ब्रेक मारला असता तर काय झालं असतं?

माहिती अपुरी, असं म्हणायची सोय होती. मास्तरांनी ते उत्तर कसं आणि कधी द्यायचं हे मुद्दाम शिकवलं होतं, परीक्षेत त्याला पूर्ण गुण होते. पण तिचं तोंड इतक्या वर्षांच्या कामाला सरावलेलं होतं, आणि त्यातून रोजचाच प्रश्न बाहेर पडला. "गाडीत किती जण?"

"दोघं," बाबा म्हणाले.

तिनं दुकानाकडं पाहिलं. मोजायला फीत लागत नव्हती. ते अंतर, तो वेग, कोरडा रस्ता. आकडे आपोआप एकापुढं एक येऊन उभे राहिले, आणि पहिल्यांदाच ते उभे राहत असताना शेजारच्या सीटवरचा दादा काही बोलला नाही. सगळे सांगत आले होते की बाबांच्या हातात काही नव्हतं. आईनं मरेपर्यंत सांगितलं. तीही तेच सांगू शकली असती, आणि बाबा उठून खिडकी लावायला गेले असते.

"दोघंच असतील तर ब्रेक," ती म्हणाली. "गाडी ट्रकला लागली असती, पण हळू. थोडंफार लागलं असतं. दोघंही आपल्या पायांनी उतरले असते."

तिला वाटलं आता ते मोडून पडतील. पण त्यांचा चेहरा सैल झाला. पानात चूक आहे हे माहीत असून ती सापडत नसावी आणि सापडावी, तसा. ते बराच वेळ मान हलवत राहिले. तुझ्या आईला मी हेच सांगत होतो, म्हणाले, ती ऐकूनच घ्यायची नाही. कुणी ऐकून घेतलं नाही. भावानं तर माझं तोंड दाबलं हातानं, म्हणाला असलं काही बोलायचं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता पुस्तकावर ठेवला. तिच्या मनात आलं की एवढी वर्षं हा माणूस स्वतःच्याच घरात एका वाक्याच्या बाहेर उभा होता, आणि आतून आपण सगळ्यांनी प्रेमानं कडी लावलेली होती.

तिथं थांबता आलं असतं. पण दोघं या शब्दानं तिला चैन पडेना. जन्मभर छपाईत एक काना सुटला तरी पकडणारा माणूस गाडीतली माणसं मोजायला चुकणार नव्हता. "बाबा," ती म्हणाली, "गाडीत तिघं होते."

प्रश्नात दोघंच आहेत, ते म्हणाले.

"मी उभी होते. तुमच्या दोघांच्या मधे. पायाखाली गरम लागत होतं."

तुला कसं आठवेल, तू केवढी होतीस, असं ते पुटपुटले, पण त्या बोलण्यात जोर नव्हता. रस्त्यावरून एक बस गेली, काचा थरथरल्या आणि थांबल्या. मग ते म्हणाले की दोनदा सांगितलं होतं, खाली बस. तू बसली नाहीस, तो पाट्या वाचत होता. आरशात सगळं तुझं डोकंच दिसत होतं, मागचा रस्तासुद्धा दिसेना. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि ते किंचित वळलेले होते, काहीतरी गोल धरल्यासारखे. "ब्रेक मारला असता तर तू काचेतून गेली असतीस. म्हणून वळवलं."

म्हणून. तिनं तो शब्द ऐकला, आणि तिच्यातली मापं घेणारी बाई जागी झाली. म्हणून म्हणायला वेळच नसतो. दीड सेकंदात आरसा, मुलीचं डोकं, मुलाची बाजू, हे सगळं तोलून कुणी वळवत नाही. रस्त्यावरचा कुठलाही माणूस, मागं कुणी असो नसो, तसाच वळवतो. बाबांनी काही निवडलेलं नव्हतं. त्यांनी एका लेकराला पुढं करून दुसरं वाचवलं नव्हतं. त्यांचे हात गेले होते. हे त्यांना सांगायला हवं, नाहीतर हा अधिकार मिळवायचा कशासाठी, असं तिला वाटलं. आणि त्याच वेळी तिच्या ध्यानात आलं की मग तिलाही कुणी वाचवलेलं नव्हतं. ती नुसती उरली होती. तरी तिनं सुरुवात केली. बाबा, तेवढा वेळ नसतो, ती म्हणाली, आत्ताच तुम्ही वाचलंत की हात आपसूक—

बाबांनी पेन्सिल उचलून हात वर केला.

"वाचलं मी ते. तुझ्या आधी वाचलं, कितीदा तरी. पुस्तक बरोबर असेल. पण हात असेच गेले असतील तर तो उगाच गेला. तुझ्यासाठी गेला, एवढं तरी माझ्याकडे राहू दे."

ते मागणं किती मोठं आहे हे त्यांना कळलं होतं की नाही कोण जाणे. कळलं असावं, कारण इतकी वर्षं त्यांनी ते तिच्यापासून दूर ठेवलं होतं, आणि गणितातसुद्धा तिला गाडीबाहेर उतरवून मगच प्रश्न घातला होता. आता ते तिच्या मांडीवर येऊन पडलं. तिला विचारावंसं वाटलं, आणि मी, मी हे घेऊन कुठं जाऊ? भिंतीचा गारवा पाठीला लागत होता. दादा चाळिशीला आला असता, त्याला कदाचित टक्कल पडलं असतं, त्यानं तिच्या साहेबांचंही नाव उलटं करून म्हटलं असतं. बाबांनी चष्मा चढवला, पान उलटलं, आणि घसा साफ करून वाचलं की दुचाकीस्वाराच्या बाबतीत, स्वल्पविराम, शरीर किती अंतरावर पडलं यावरून वेगाचा अंदाज करताना कोणती काळजी घ्यावी? तिनं उत्तर दिलं. ते बरोबर होतं.

परीक्षेच्या दिवशी बाबा तिच्याबरोबर आले. नको म्हटलं तरी आले, आणि बाहेरच्या लांब बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले. लेखी सोपं गेलं. तोंडी परीक्षेला खोलीत तिघं होते; मधोमध एक पिकल्या केसांच्या निवृत्त अधिकारी बाई, आवाज मऊ आणि प्रश्न धारदार. त्यांनी एका अपघाताचे फोटो पुढं ठेवले, खुणा वाचायला लावल्या, वेग काढायला लावला. तिचं सगळं बरोबर येत होतं. सगळं होत आल्यावर बाईंनी फोटो गोळा केले आणि सहज विचारावं तसं विचारलं, की समजा चालक शपथेवर सांगतो, मी एकाला वाचवण्यासाठी मुद्दाम वळवलं, आणि माणूस सच्चा आहे, खोटं बोलणारा नाही. अहवालात काय लिहाल? तो असं म्हणतो असं लिहीन, ती म्हणाली. बाईंनी तिच्याकडं पाहिलं. "ते कारकूनही लिहील. तुमचं मत काय?"

खोलीत पंखा फिरत होता, बाजूचा परीक्षक पेनाचं टोपण उघडझाक करत होता. बंद दाराच्या पलीकडे, बाकावर, कुणीतरी खोकलं. तो खोकला तिच्या ओळखीचा होता.

"वेळ पुरत नाही," ती म्हणाली. "मुद्दाम वळवणं शक्य नव्हतं. हात आपसूक गेले."

बाईंनी मान डोलावून काहीतरी लिहिलं, टोपणवाल्या परीक्षकानंही लिहिलं, आणि तिला जायला सांगितलं. निकाल तिथंच तासाभरात लागला. ती पास झाली होती. विमेकरीही पास झाला होता, तो येऊन म्हणाला की आता आपल्याला बघून लोक गाड्या हळू चालवतील. बाबांनी त्याच्याशी हात मिळवला, पिशवीतून संत्रं काढून सोललं, अर्धं त्याला दिलं. तो गेल्यावर त्यांनी तिला सगळं विचारून घेतलं. कुठल्या प्रकरणावर होतं, खुणांवर विचारलं का, वेग काढायला किती वेळ दिला. तिनं एकेक प्रश्न सांगितला, फोटोतली गाडी कशी होती तेही सांगितलं. आणखी काय विचारलं, ते म्हणाले. तिनं संत्र्याची फोड तोंडात टाकली, बिया हातात काढल्या.

"आणखी काही नाही."

"सगळं बरोबर आलं ना?"

"हो," ती म्हणाली. "सगळं बरोबर आलं."

बाबांना फार बरं वाटलं. ते उठले, साली कागदात गुंडाळून पिशवीत ठेवल्या, आणि दोघं फाटकातून बाहेर रस्त्याला लागले. कचेऱ्या सुटायची वेळ होती, गाड्या अंगाला लागून जात होत्या. बाबांनी न बोलता तिच्या कोपराला धरून तिला भिंतीच्या बाजूला घेतलं आणि स्वतः रस्त्याच्या बाजूनं चालू लागले. तिनं त्यांना तसं चालू दिलं.